मातीची बाराबोर

एसटीत शेजारी बसलेली बाई जरा मोकळी झाली की विचारतेच, "ताई, तुम्ही काय करता?" मी "कपबशा करते" असं सांगून खिडकीबाहेर बघायला लागते. खरं सांगायचा प्रयोग एकदा केला होता. "मी बंदुका करते, हातबॉम्ब करते, झालंच तर आग विझवायचे सिलिंडर करते," असं म्हटल्यावर त्या बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. "मातीच्या हो, मातीच्या!" असं मी मागून सांगत होते, पण ऐकतंय कोण. तेव्हापासून आपल्या कपबशाच बऱ्या.

हे उत्तरही मूळचं माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचं गाव पाटणकडच्या डोंगरात आणि गावात घरटी एक फौजी. "नंदा काय करती सांगलीला?" असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "कपबशा करती. बरं चाललंय." सुभेदाराची लेक फुटणाऱ्या बंदुका करते, हे पारावर सांगायचं कसं? मला आधी राग यायचा, मग सवय झाली. पण मनातून लागायचंच. आपण आयुष्य घातलेलं काम बापानं चारचौघांत लपवावं, हे कुणालाही लागेल.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी माती मडक्याची नव्हे. ती जास्त चिवट, आणि तिला आचही फार जास्त लागते. भाजून निघाली की दगडासारखी होते, म्हणून तिला स्टोनवेअर म्हणतात. कणकेसारखी मळायची, आकार द्यायचा, सावलीत हळूहळू वाळवायची, एकदा भाजायची, मग झिलई लावून पुन्हा भाजायची. आत ओल राहिली तर भट्टीत वस्तू फुटते आणि शेजारच्या दोनचार वस्तूंनाही घेऊन जाते. माझ्या हातबॉम्बांपैकी काही खरोखर फुटलेत, ते असे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ही माती आटते. ओली असताना हातभर केलेली वस्तू बाहेर येते तेव्हा चांगली तीन बोटं कमी भरते. म्हणून करताना मोठी करायची आणि मग देवाचं नाव घेऊन भट्टीचं दार लावायचं.

हत्यारंच का, असं प्रदर्शनात लोक विचारतात. बंदूक घ्या, आगीचा लाल सिलिंडर घ्या, पुरात फेकतात ते नारिंगी कडं घ्या. माणूस ह्या वस्तू जवळ ठेवतो आणि वापरायची वेळ येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो. मी त्या मातीच्या करते. वापरायचा प्रश्नच मिटला. हे मी इंग्रजीत सांगितलं की पुण्यामुंबईचे लोक माना डोलावतात. मराठीत सांगितलं की आमच्याकडचे लोक विचारतात, "मग उपयोग काय?"

ह्या एका प्रश्नानं माझा निम्मा जन्म खाल्ला. सांगलीत हळदीच्या पेठेतले एक व्यापारी नारिंगी कडं बघायला आले. सांगलीकर माणूस घर घेताना आधी उंची विचारतो आणि मग भाव, इतकं पुराचं पाणी त्याच्या डोक्यात असतं. कडं हातात घेऊन ते म्हणाले, "लय झकास झालंय. पण मॅडम, हे तरंगंल का?" मी म्हटलं, "नाही हो, बुडेल." त्यांनी कडं हलकेच खाली ठेवलं, जसं काही मीच त्यांना पुरात ढकलत होते. तासगावचा एक द्राक्षबागायतदार पाखरं उडवायला बंदूक घ्यायला आला. कुणी सांगितलं होतं त्याला, देव जाणे. सगळ्या बंदुका निरखून म्हणाला, "हिचा आवाज येतो का?" मी म्हटलं, "येतो की. पण एकदाच येतो, आणि मग झाडून घ्यावं लागतं."

सगळ्यात कहर केला तो एका मंगल कार्यालयाच्या मालकानं. माझा लाल सिलिंडर त्यानं हौसेनं नेऊन भटारखान्याच्या दारात टेबलावर ठेवला. एका लग्नात कढईनं पेट घेतला. आचाऱ्यानं धावत जाऊन सिलिंडर उचलला, दांडा दाबला, दांडा हलेना, तेव्हा त्यानं सगळा सिलिंडरच कढईवर फेकला. आग शेवटी ओल्या पोत्यांनी विझली. संध्याकाळी मालकाचा फोन. "मॅडम, तुमचा सिलिंडर चालला न्हाई." मी म्हटलं, "अहो, तो चालवायचा नव्हता, बघायचा होता." त्यावर गडी म्हणतो कसा, "मग तसं वर लिवायचं की!" तेव्हापासून मी प्रत्येक सिलिंडरवर ठळक अक्षरात लिहिते, 'फक्त बघण्यासाठी'. मुंबईच्या एका समीक्षकाला ती ओळ फार खोल वाटली.

आबा माझ्या प्रदर्शनाला एकदाच आले होते, सांगलीतच. सगळं दालन त्यांनी पाहणी केल्यासारखं फिरून बघितलं. मग रायफलीपाशी थांबून म्हणाले, "बंदुकीनं शत्रू फुटावा. ही टेबलावरनं पडली तर आपणच फुटंल." आणि बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. मी आत मान्यवरांकडून सत्कार स्वीकारत होते आणि खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

तर असे आबा एक दिवस माझ्या कारखान्यात राहायला आले, त्याची ही गोष्ट.

आबांकडे परवान्याची एक बाराबोर बंदूक होती. उसात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. पण आमच्या आळीत तिचा मान मोठा. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. कुठं तलवार, कुठं कोयता, कुठं नुसतं खुरपं. आमच्याकडं बाराबोर. आळीतले सगळे माजी सैनिक पहिल्यांदा आमच्या घरी येऊन बंदुकीला सलाम ठोकणार आणि मग पुढच्या घरी जाणार, अशी वर्षानुवर्षांची रीत. आबा त्या दिवशी बॅरे टोपी घालून, छातीवर पदकं लावून दारात उभे असत.

मग आबांचे डोळे गेले. म्हणजे पार गेले नाहीत, पण परवाना वाढवून मिळण्याइतके राहिले नाहीत. बंदूक कायमची ठाण्यात जमा करावी लागली. आबांनी ती वाकळेत गुंडाळली, गावाला "डाक्टरकडं चाललोय" असं सांगितलं आणि जीपनं जाऊन देऊन आले. ठाण्यात ती जमा करून घेतली कदम हवालदारांनी. ते आमच्याच भागातले, समजूतदार, कुठं बोलले नाहीत. हे फक्त आईला, मला आणि आमच्या ह्यांना माहीत.

खंडेनवमीला महिनाभर अवकाश होता तेव्हा आईचा फोन आला. "नंदे, ह्यांचं काय खरं न्हाई बग. जेवत न्हाईत. रिकाम्या खुंटीकडं बगत बसत्यात. खंडेनवमीला समदी येणार, मग ह्यांनी तोंड कुटं लपवायचं? म्हंत्यात, मी त्या दिवशी दवाखान्यातच जाऊन पडतो."

"मग मी काय करू आई?"

"काय करू म्हंजी? जगाच्या बंदुका करतीस, एक बापाला कर की."

माझी आई शाळेत फार गेली नाही, पण तिच्याइतकी सरळ ऑर्डर मला आजपर्यंत कुठल्या गॅलरीनं दिलेली नाही.

आबा तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण दोन दिवसांत ते ट्रंक घेऊन सांगलीला हजर. दारातूनच म्हणाले, "बंदूक मी उभं राहून करून घेणार. आन गावात कुणाला कळता कामा न्हाई. खरी हाय असंच म्हणायचं." आमचे हे कॉलेजात शिकवतात. त्यांनी सासऱ्याची ट्रंक उचलली आणि माझ्याकडं असं बघितलं की आता आपलं काही खरं नाही.

कारखान्यात पाऊल टाकताच आबा थबकले. फळीवर कच्च्या आखूड रायफली वाळत ठेवल्या होत्या, सगळ्यांच्या नळ्या दाराकडे. "ही काय पद्धत झाली? हत्याराचं तोंड माणसाकडं?" मी हातातली माती धुऊन येईपर्यंत त्यांनी एकेक रायफल भिंतीकडं वळवायला घेतली होती. वाळलेली कच्ची माती म्हणजे पापड. ज्या ज्या रायफलीला त्यांचा हात लागला तिची तिची नळी त्यांच्या हातात आली. सगळे तुकडे ओळीनं मांडून आबा म्हणाले, "माल कमजोर हाय तुझा." दातओठ खाऊन गप्प बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं.

हातबॉम्बांचं वेगळंच. त्यांना मी पिना लावत नाही, आकार स्वच्छ दिसतो म्हणून. आबांना ते बघवेना. जेवताना सुद्धा म्हणायचे, "बिनापिनंचं ग्रेनेड उघड्यावर ठेवून तुला घास जातो कसा?" शेवटी त्यांनी बांगडीवाल्याकडून तार आणून प्रत्येकाला पिन करून घातली आणि मगच निवांत झोपले. खरं सांगायचं तर त्या पिनांनी काम जास्त चांगलं दिसायला लागलं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी सगळा कारखानाच ताब्यात घेतला असता.

आता बाराबोर. नळी करायची तर प्लास्टिकच्या पाइपावर वर्तमानपत्र गुंडाळायचं, त्यावर मातीची लांब पोळी लपेटायची, सांधा बुजवायचा आणि माती जरा घट्ट झाली की पाइप अलगद ओढून काढायचा. उशीर झाला तर माती आटते, पाइप सुटत नाही आणि नळी चिरते. खांद्याला लागतो तो बट वेगळा, चाप वेगळा, सगळं वेगवेगळं भाजून शेवटी जोडायचं, कारण एवढी लांब बंदूक अखंड मावेल अशी माझी भट्टी नाही. आटणार म्हणून मी सगळं मोठ्या मापानं केलं. आबा बघून म्हणाले, "ही बंदूक हाय का तोफ?"

"आबा, आटती ती."

"तोफ आटून बंदूक हुती, हे मी फौजेत कवा ऐकलं न्हाई."

पहिली नळी वाळताना वाकली. आबांनी ती डोळ्यासमोर धरली आणि म्हणाले, "ही चांगली हाय. कोपऱ्यामागं लपलेल्या माणसाला मारायला." दुसरी सरळ झाली होती. अगदी सूत धरल्यासारखी सरळ. मी जरा बाजारात गेले, तेवढ्यात आबांनी ती अंगणात कडक उन्हात नेऊन ठेवली. आमच्याकडं कुरडया, पापड, हळद, बेदाणा, जे काही वाळवायचं ते माणूस ऊन बघून वाळवतो. बंदुकीनं काय पाप केलंय? मी परत आले तेव्हा नळीला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती आणि आबा शेजारी कावळे हाकत बसले होते.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी ओरडलेच. "आबा, फौजेत तुमच्या हत्याराला कुणी विचारल्याबिगर हात लावला असता तर चाललं असतं का?"

मला वाटलं, झालं, आता ट्रंक भरणार. पण ते उठले, अंगणात सावधान उभं राहिल्यासारखे ताठ झाले आणि म्हणाले, "न्हाई. चुकलं. फिरून कर. मी बसून ऱ्हातो."

त्यानंतर ते खरंच बसून राहिले. तिसरी नळी सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळली आणि आबा खुर्ची टाकून तिच्यावर पहारा करत होते. कामावरच्या बायकांना ते म्हणायचे, "वारं घालू नगा गं, एका बाजूनं वाळंल." गिऱ्हाईक आलं तरी जागचे हलायचे नाहीत. एकानं विचारलं, "ह्या बंदुकीचा उपयोग काय?" तर आबांनी त्याला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "तुमचा काय हाय?" ते गिऱ्हाईक परत आलं नाही, पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भट्टी लागली. विझवल्यावरही ती पुरती थंड होईपर्यंत दार उघडायचं नसतं. गार हवा आत गेली की झिलई तडकते. आबा सारखे दारापाशी. "थोडं उघडून बगू?" "नाही." "फट करून?" "नाही." बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप येरझाऱ्या घालतो, तसं चाललं होतं. शेवटी दार उघडलं, तुकडे बाहेर काढले, जोडले, सांधे रंगवले. झिलई काळी आली होती, तेल पाजलेल्या लोखंडासारखी. बटाला मी लाकडाच्या रेषा काढल्या होत्या. आबांनी बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला. बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "नळी सरळ हाय." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्याही होतं. मी माती लागलेल्या हातानं ते पुसलं आणि दिवसभर तसंच तोंड घेऊन फिरले.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या पडवीत पाटावर बाराबोर, तिला गंध, झेंडूची फुलं, शेजारी विळा न् कोयता. आबा टोपी-पदकांसह दारात. एकेक माजी सैनिक येऊन सलाम करत होता. भाऊतात्या म्हणून एक निवृत्त हवालदार आहेत. फौजेत ते शस्त्रागारात होते, त्यामुळं हत्याराच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना बघून मी आबांना गप्प राहायची खूण केली. आबा मात्र जोरात. "कालच साफ केली. तेल दिलं. वास येतोय का बगा." त्यांनी खरंच मातीला तेल चोळलं होतं. भाऊतात्यांनी वाकून वास घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्याला म्हंत्यात हत्यार सांभाळणं! न्हाईतर आजची पोरं." मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

घोटाळा केला तो फोटोनं. शेजारच्या सूनबाईंनी आबांचा बंदुकीसकट फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर कदम हवालदार. दुपारी ते दारात हजर. बूट काढले, टोपी काढून काखेत घेतली, पूजेला नमस्कार केला.

"आबा, फोटो बगितला."

"बरा आलाय न्हवं?"

"फोटो बरा हाय. पन आबा, तुमची बंदूक तर आमच्याकडं जमा हाय. मग ही दुसरी कुटली?"

भाऊतात्या आबांकडं बघताहेत, बाकीचे एकमेकांकडं. बंदूक गेल्याचं एका वाक्यात सगळ्या आळीला कळलं. आबांची मान खाली गेली. मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्याच बंदुकीनं माझ्या बापाची अब्रू चालली होती. एक तर खोटारडा सुभेदार, नाहीतर चोरटं हत्यार ठेवणारा सुभेदार. तिसरं उत्तर होतं, पण ते आबांच्या तोंडून निघणं कठीण.

आबांनी मान वर केली. "ही मातीची हाय."

"कशाची?"

"मातीची. भाजलेली. माझ्या लेकीनं केलीया. ती ह्येच काम करती. कपबशा न्हाई करत. मी लोकांस्नी खोटं सांगत हुतो."

जे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते ते आबा गावासमोर बोलले, आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही! भाऊतात्या तर भडकलेच. "सुभेदार, मला शिकवू नगा. उभा जन्म शस्त्रागारात काढला मी. सकाळी मी सोता तेलाचा वास घेतला. मातीला तेल लावतंय व्हय कोन?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. वय झालं, भीतीनं कायबी बोलतोय, असं कुणीतरी पुटपुटलं.

कदम म्हणाले, "मी हातात घिऊन बगतो, म्हंजी मिटलं." तर आई आडवी आली. "आवं कदम, पूजंला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरल्याबिगर हलवत्यात व्हय? तुमच्या घरात खंडेनवमी न्हाई का?" कदमांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. त्यांच्याही घरात कोयता पाटावर बसलेला होता.

"मग आबा, मातीची हाय म्हंताय तर जाग्यावरच बटाचा एक टवका काढून दावा, की मी निगालो," कदम म्हणाले.

मी पुढं झाले. "काढा टवका. मी नवीन बट करीन आबा."

"खबरदार!" आबांचा तो परेडचा आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. "टवका न्हाई काढायचा. मला आत टाका, बेड्या घाला, पन हिला धक्का लावायचा न्हाई."

कदमांनी दारात खुर्ची टाकली आणि दिवस मावळेपर्यंत बंदुकीवर पहारा केला. मधे आईनं त्यांना पोटभर वाढलं. जाताना ते म्हणाले, "सुभेदाराच्या शब्दावर जातोय. उद्या पूजा उतरली की ठाण्यात घिऊन या."

दसऱ्याला सकाळी आमच्या ह्यांनी गाडी काढली. आबा पुन्हा टोपी-पदकांत, मांडीवर आईच्या रेशमी लुगड्यात गुंडाळलेली बाराबोर. ठाण्यातले साहेब तरुण, बाहेरगावचे. आबांनी दोन्ही हातांनी बंदूक टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली, नखानं टिचकी मारली. कपासारखा टणत्कार आला. साहेब हसले. "काका, हे तर शोपीस आहे. जा घेऊन."

मी गुंडाळायला लुगडं पुढं केलं. आबा जागचे हलले नाहीत.

"शोपीस न्हाई साहेब. शोपीसची पूजा करत न्हाई आमी."

"बरं, बरं."

"हिला लय आच लागती. साधं मडकं न्हवं हे. सावलीत वाळवायची असती. लोक उनात ठेवत्यात आन तडकली की मातीला नावं ठेवत्यात. कळत न्हाई लोकांस्नी." हे सांगताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. साहेबांनी चहा मागवला, आबांनी त्यांना नळी कशी करतात ते पाइपासकट समजावलं, आणि साहेबांनी सगळं उभं राहून ऐकलं.

परत निघालो. गावाकडचा रस्ता म्हणजे खड्डे आणि गतिरोधक. प्रत्येक धक्क्याला आबा "हळू, जावईबापू, हळू!" करत बंदूक छातीशी धरत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नंदे, ही फुटली तर अशीच दुसरी हुईल न्हवं?"

"दुसरी होईल आबा. अशीच नाही होणार. मातीत तशीच पुन्हा होत नसती."

समोर आणखी एक गतिरोधक आला तशी त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा गाडी. आमी चालत येतो."

"आबा, गाव लांब आहे अजून," हे म्हणाले.

"आसू दे."

त्यांनी लुगडं सोडून माझ्या हातात दिलं. उघडी बाराबोर दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि चालायला लागले. दसऱ्याचा दिवस, रस्त्यावर झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर, नवे कपडे घातलेली माणसं. पदकं लावलेला म्हातारा बंदूक घेऊन येतोय म्हटल्यावर जो तो कडेला होऊन वाट देत होता. आबा प्रत्येकापाशी थांबत होते आणि कुणी विचारायच्या आत सांगत होते, "मातीची हाय. माझ्या लेकीनं केलीया." लोक बंदुकीकडं बघत, आबांकडं बघत, मान डोलावत आणि जरा आणखी लांब सरकत. एकाचाही विश्वास बसत नव्हता. पण आबा सांगायचं थांबत नव्हते.